तुपाचा रंग उतरला, तर गोठ्यात डोकवा

गेल्या वैशाखात मुलीच्या स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेण्यासाठी पुण्याला गेलो होतो. बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातली दुकाने पालथी घातली. दोन्ही हातांतल्या पिशव्या जड झाल्या. आलोच आहोत तर दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन घेऊन जाऊ म्हणून पायीच निघालो. दर्शन झाल्यावर घरी न्यायला पेढे घ्यावेत म्हणून जवळच्याच एका दुकानात शिरलो. माझ्या आधी एक आजी उभ्या होत्या. त्यांनी तुपाची बरणी उजेडाकडे धरली होती आणि दुकानदाराची चांगलीच उलटतपासणी चालली होती.

"दिवाळीत नेलं ते कसं पिवळंधमक होतं! आणि हे बघा, पांढरं फटक. गाईचं म्हणता आणि म्हशीचं देता की काय?"

दुकानदार जुना माणूस असावा. तो चिडला नाही. म्हणाला, "आजी, तूप गाईचंच आहे, पण उन्हाळ्याचं आहे. गाईला हिरवं मिळेना, तर तुपाला रंग कुठून येणार?"

आजींना काही ते पटले नाही. तूप न घेताच त्या निघून गेल्या. मी मात्र पेढ्यांचे पैसे द्यायचे विसरून तसाच उभा राहिलो. वाचकहो, कृषी खात्यात माझी तीस वर्षे गेली. जी गोष्ट नीट समजायला मला त्यातली निम्मी वर्षे लागली, ती त्या दुकानदाराने एका वाक्यात सांगून टाकली होती. तुपाचा रंग पेठेत उतरलेला दिसतो, त्याच्या आधी महिना दोन महिने तो गोठ्यात उतरलेला असतो. तिथे तो आपल्याला दिसत नाही, एवढेच.

रंगाबरोबर आणखी काय येते

गाईच्या तुपाचा पिवळेपणा हा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीन नावाच्या द्रव्याचा. गाजराला रंग देणारे द्रव्य हेच. हिरव्या पानातही ते भरपूर असते, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेले असते. गाय त्यातल्या काहींचे जीवनसत्त्व 'अ' करून घेते आणि उरलेले तसेच दुधाच्या स्निग्धांशात सोडते. म्हैस जवळजवळ सगळ्याच कॅरोटीनचे जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे तूप बारमाही पांढरे. म्हैसवाल्यांनी यावरून निश्चिंत होऊ नये. गाय निदान रंग उतरवून सांगते तरी; म्हैस तेवढेही सांगत नाही.

दिवाळीचे तूप पिवळे असते, कारण ते पावसाळी गवतावरचे. चैत्र-वैशाखात गव्हाणीत कडबा, गव्हाचे भूस किंवा उसाचे वाढे. कडबा पोट भरतो, मालदांडीचा कडबा तर गुरे आवडीने खातात. पण उन्हात पांढरा पडलेल्या कडब्यात कॅरोटीन नावालाच उरते. आणि कॅरोटीनच्याच गाडीतून आणखी एक पाहुणा येत असतो, तोही त्याच वेळी गैरहजर होतो. त्याचे नाव जीवनसत्त्व 'ई'. तुपाच्या बरणीत त्याचा रंग ओळखू येत नाही, म्हणून त्याची कोणी चौकशी करत नाही.

या जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप या दोघांना लागला. त्यांच्या प्रयोगातल्या उंदरांच्या माद्या दिसायला धडधाकट होत्या, गाभणही राहत. पण पिल्ले पोटातच मरून जिरून जात. आहारात हिरवी पाने घातली तेव्हा पिल्ले जगली. पुढे या द्रव्याला 'टोकोफेरॉल' असे नाव दिले गेले. ग्रीक भाषेतल्या मूळ शब्दांचा अर्थ आहे बाळंतपणाला नेणारे. हे नाव लक्षात ठेवा. आजचा विषय बाळंतपणाचाच आहे.

अंगातला गंज

आता हे द्रव्य शरीरात करते काय? सरकी किंवा शेंगदाणा पेंडीचे जुने पोते उघडल्यावर जो खवट वास येतो, तो तुम्हाला परिचयाचा आहे. तेलाला हवेतल्या प्राणवायूची बाधा झाली की ते खवट होते. लोखंड गंजते तेही असेच. जनावराच्या शरीरातसुद्धा असा खवटपणा चालू असतो. चारा पचवून त्यातून शक्ती काढणे म्हणजे एक प्रकारचे जळणच. चूल पेटली की ठिणग्या उडणारच. शरीरातल्या या ठिणग्या म्हणजे प्राणवायूचे अर्धवट जळलेले, फार आगाऊ कण. ते दिसेल त्याला चिकटतात आणि त्याची नासाडी करतात. शरीर ज्या सूक्ष्म पेशींचे बनले आहे, त्यांची भिंत स्निग्ध पदार्थांची असते. ठिणगी पडली की ती भिंत खवटते. एक जागा खवटली की शेजारची खवटते, आणि गंजीला आग लागावी तसे ते पसरत जाते.

जीवनसत्त्व 'ई' त्या भिंतीतच बसलेले असते आणि ठिणगी स्वतःच्या अंगावर घेते. कॅरोटीनही थोडी मदत करते. सेलेनियम नावाचा एक क्षार अगदी कणभर लागतो. त्याच्यापासून शरीर एक पाचक द्रव्यासारखे द्रव्य बनवते आणि ते ठिणगी उडायच्या आधीच निखारा विझवते. तांबे, जस्त, मंगल यांचीही अशीच कामे आहेत. या सगळ्यांना मिळून शास्त्रज्ञ अँटिऑक्सिडंट म्हणतात. आपण गंजरोधक म्हणू. ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी, अशी वेळ आली की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. हा काही रोग नव्हे. याचे जंतू नाहीत, याची लस नाही, आणि यात जनावर आजारी दिसेलच असेही नाही. याने होते काय, तर जनावराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात. मग जो रोग एरवी दारावरून परत गेला असता, तो घरात शिरतो.

आता उन्हाळ्याचा विचार करा. आपल्या दावणीला आज बहुधा संकरित गाय आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ संस्था काढली, आणि थंड देशातल्या वळूंचे रक्त आपल्या गाईंत आणण्याचे काम गावोगाव पोहोचले. दूध वाढले, घरात पैसा आला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या कामाला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण होल्स्टिन रक्ताच्या गाईला पंचवीस-सव्वीस अंशांपुढे त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. गाय धापा टाकते, चारा कमी खाते आणि अंगातल्या ठिणग्या वाढतात. म्हणजे ठिणग्या जास्त उडायच्या दिवसांतच विझवणारा हिरवा चारा गोठ्यातून नाहीसा झालेला असतो. त्यातून ती गाय त्याच दिवसांत व्यायची असेल तर?

विण्याचे पंधरवडे

विण्याच्या सुमारास गाईच्या रक्तातले जीवनसत्त्व 'ई' वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीला येते. एक तर ती खाते कमी. दुसरे म्हणजे ती आपल्या साठ्यातले कितीतरी चिकात ओतते. वारेतून वासराला पोटात असताना ही जीवनसत्त्वे फारच थोडी मिळतात. ते जवळजवळ रिकाम्या हाताने जन्माला येते आणि त्याची पहिली शिदोरी म्हणजे चीक. पहिल्या धारेचा चीक एवढा पिवळाजर्द का असतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. खरवस सगळ्यांनाच आवडतो, मलाही आवडतो. पण पहिला चीक वासराचा. जन्मल्यापासून तास-दोन तासांत दोन-अडीच लिटर चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे. त्यानंतर उरेल त्याचा खरवस करा.

आणि वार? वासरू बाहेर आले की वारेचे काम संपते. मग गाईच्या पांढऱ्या पेशींनी ती परकी म्हणून ओळखायची आणि गर्भाशयाला असलेली तिची चिकटण सोडवायची, असा निसर्गाचा नेम आहे. बारा तासांच्या आत वार पडायला हवी. पण या पेशीच दुबळ्या असल्या, तर चिकटण सुटत नाही आणि वार लोंबत राहते. पुढे गर्भाशय सडते, ताप येतो, कासेला दगडी होते, माज लांबतो, गाय उलटत राहते. ही सगळी दुखणी आपण वेगवेगळी समजतो आणि वेगवेगळी इंजेक्शने आणतो. पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते आणि ते विण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत असते.

वार अडकण्याला दुसरी कारणेही आहेत, हेही सांगितले पाहिजे. दिवस भरण्याआधी विणे, जुळी, अडलेले वासरू, कॅल्शियमची उणीव, सांसर्गिक गर्भपाताचा रोग. सगळ्याच गोष्टी जीवनसत्त्वाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण गोठ्यात दर उन्हाळ्यात दोन-तीन वारी अडकत असतील आणि पावसाळ्यात एकही अडकत नसेल, तर चाऱ्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

माझी चूक

हे लिहिताना मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ चा दुष्काळ तुम्ही विसरला नसाल. गावोगाव छावण्या लागल्या होत्या. मी तेव्हा पुरंदरच्या पूर्व भागातल्या गावांत फिरत असे. तिथल्या एका वहिनींनी बचत गटाचे कर्ज काढून संकरित गाय घेतली होती. गाय सात महिन्यांची गाभण होती, दूध आटवलेले होते. शेजारी जुनी एक दुभती गाय होती. विहिरीला तासभर पाणी, आणि त्यावर कसाबसा जगवलेला घासाचा एक वाफा. वहिनींनी विचारले, "साहेब, एवढासा घास हाय. कुणाच्या पुढं टाकू?"

मी विचार न करता सांगितले, "दुभतीला टाका. भाकड आहे तिला कडब्यावर ठेवा, तिला आत्ता काय लागतंय?"

सगळे जे सांगत तेच मी सांगितले. दूध देते ती खाते, असा हिशेब. पुढे गाय वैशाखात व्याली. दुसऱ्या दिवशीही वार पडली नाही. कोणीतरी जाणत्याने लोंबत्या वारेला फडक्यात दगड बांधला, त्याच्या ओझ्याने ती तुटली आणि अर्धी आत राहिली. ताप आला. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. गाय वाचली, पण आठ दिवसांत कासेला दगडी होऊन दोन सड गेले. ती पुन्हा गाभण राहिली नाही. शेवटी मिळेल त्या किमतीला विकावी लागली आणि गटाचे हप्ते मात्र दोन वर्षे चालू राहिले. वहिनींनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाल्या, "आपण तिचं दूध आटवलं, आन् तिचं खाणंबी आटवलं."

त्यानंतर मी पुस्तके काढून बसलो. १९८४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. भाकड काळात गाईंना रोज १००० एकक जीवनसत्त्व 'ई' दिले, तेव्हा विल्यानंतर कासदाहाचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी घटले. सेलेनियमही दिले, तेव्हा दुखणे लवकर बरे झाले. पुढच्या काळात दुसरीकडे केलेल्या काही प्रयोगांत एवढा गुण दिसला नाही, कारण त्या गाईंना मुळात चांगला चारा मिळत होता. भरल्या पोटाला जादा घास लागत नाही, असाच त्याचा अर्थ. आपल्या उन्हाळी गोठ्यातल्या गाई मात्र भरल्या पोटाच्या नाहीत. शास्त्र सांगते की साठवलेल्या वाळल्या चाऱ्यावर असलेल्या भाकड गाईला वजनाच्या दर किलोमागे १.६ एकक जीवनसत्त्व 'ई' वरून द्यावे; दुभतीला त्याच्या निम्मे. माझा सल्ला बरोबर उलटा होता.

हिशेब मांडून पाहू

आता चारशे किलोची गाय धरा. तिला ६४० एकके हवीत. ताज्या हिरव्या चाऱ्यातले पाणी वजा केले, तर उरलेल्या कोरड्या भागाच्या दर किलोत ८० ते २०० एकके असतात. पंधरा किलो हिरव्या चाऱ्यात साधारण तीन किलो कोरडा भाग निघतो. म्हणजे २४० ते ६०० एकके झाली. उरलेली गरज चांगल्या जीवनसत्त्व-क्षार मिश्रणातून भागवता येते. दोन महिन्यांसाठी एका गाईला रोज पंधरा किलो हिरवा चारा, एवढीच ही मागणी आहे. ती दुष्काळात मोठी वाटते, हे मी जाणतो. पण सगळ्या दावणीला मुठी-मुठीने हिरवे वाटण्यापेक्षा आटवलेल्या गाईसमोर आधी टाका. दुभतीचे दूध लिटरभर कमी होईल. पुढच्या वेतातले दोन सड वाचतील.

यात एक खुबी आहे, ती मुद्दाम सांगतो. लसूणघास चांगला, पण शेवटच्या तीन आठवड्यांत गाभण गाईला पोटभर लसूणघास घालू नका. त्यात कॅल्शियम आणि पालाश फार. गाईच्या शरीराला हाडांतले कॅल्शियम काढायची सवय राहत नाही आणि जास्त दुधाची गाय व्याल्याबरोबर दुग्धज्वराने खाली बसते. पाच किलो घास आणि दहा किलो मका, गिन्नी गवत किंवा हत्तीघास, असे प्रमाण ठेवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत हे हत्तीघासाचे वाण आता बांधाबांधावर दिसतात, त्यांचे ठोंब मिळायला अडचण नाही. ज्वारीचे कडवळ घालायचे तर फुलोऱ्यात आल्यावरच. कोवळ्या ज्वारीत विष असते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. घास दवाने ओला असताना एकटा घालू नका, पोट फुगते. कुट्टीत मिसळा.

पाणीच नाही, तर काय? बांधावरची झाडे आठवा. हादगा, शेवरी, शेवगा, सुबाभूळ. यांची मुळे खोल, उन्हाळ्यातही पाला हिरवा. सुबाभळीचा पाला मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे नको, अति झाला तर केस गळतात. व्याल्यावर बांबूचा पाला घालायची जुनी रीत आहे. हिरवा पाला आहे, घाला. पण दोन महिने उपाशी ठेवून एका दिवशीच्या पाल्याने भरपाई होत नाही.

उसाच्या वाढ्यांबद्दल दोन शब्द. दुष्काळात त्यांनी पुष्कळ जनावरे तगवली. पण त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यांवर गाभण गाय ठेवू नये.

वाळवण करणाऱ्यांनी एवढे करावे. गवत किंवा घास फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापा, पातळ पसरा, एक दिवस उन्ह दाखवून पुढचे वाळवण सावलीत करा आणि शेडखाली रचा. वाळलेल्या चाऱ्यात जेवढा हिरवा रंग टिकला, तेवढे कॅरोटीन टिकले असे समजा. उघड्यावरची पांढरी पडलेली गंजी म्हणजे पोट भरायचे साधन, बाकी काही नाही. मुरघास केलात तर कॅरोटीन उन्हातल्या वाळवणापेक्षा पुष्कळच चांगले राहते.

आणि आंबोण. खवट पेंड, जुना भाताचा कोंडा स्वस्तात मिळतो म्हणून आणू नका. खवट स्निग्धांश जीवनसत्त्व 'ई' चा शत्रू. तुम्ही एका हाताने घातलेले तो दुसऱ्या हाताने जाळतो. भाताचा कोंडा तर दळल्यापासून थोड्याच दिवसांत खवटतो. भोर-मावळातल्या मंडळींनी तो पंधरवड्याला लागेल तेवढाच आणावा. मावशी लोकांचे नाक या बाबतीत कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा तेज असते. ज्या तेलाची फोडणी तुम्ही घरात देणार नाही, त्याची पेंड गाईला नको.

उन्हाचा ताण कमी करणे हेही गंज थांबवणेच आहे. मुख्य वैरण पहाटे आणि दिवस मावळल्यावर टाका, दुपारी नुसते पाणी भरपूर ठेवा. पत्र्यावर पाचट, बाजूला ओली पोती. याला खर्च नाही.

सेलेनियमचे दुधारी शस्त्र

या लेखातला हा भाग दोनदा वाचा. जीवनसत्त्व 'ई' आणि सेलेनियमचे इंजेक्शन औषधाच्या दुकानात मिळते. विण्याआधी साधारण तीन आठवडे ते दिले की वार अडकत नाही, असे तुम्ही ऐकले असेल. डॉक्टरांनी गरज पाहून दिले तर त्याचा उपयोग होतो. पण शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बाटली आणून टोचू नका. गाईच्या आहारात दर किलो कोरड्या भागात सेलेनियम लागते फक्त ०.३ मिलीग्रॅम. म्हणजे दहा किलो कोरडा चारा खाणाऱ्या गाईला दिवसाला तीन मिलीग्रॅम. आपण भाजीत मिठाची चिमूट टाकतो, तिच्या शंभराव्या हिश्शाएवढे. आणि पुरेसे व विषारी यांतले अंतर फार नाही.

पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागात काही गावांच्या मातीतच सेलेनियम जास्त आहे. तिथे जनावरांच्या शेपटीचे केस झडतात, खूर तडकतात, कधी गळूनही पडतात. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. तपासणीत लोकांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले. विंचूदंशावरच्या संशोधनाने नाव मिळवलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हातील सेलेनियमशी जोडला. हेच सेलेनियम कणभर असते तेव्हा गंजरोधक, आणि मणभर झाले की स्वतःच गंज. क्षारमिश्रणाच्या पिशवीवर सेलेनियम लिहिले आहे का, हे पाहा. लिहिले असेल तर वरून इंजेक्शन आणि पुन्हा दुसरी पावडर असे तिहेरी करू नका. डॉक्टरांना पिशवी दाखवा.

वार अडकलीच, तर दगड, वहाण, वीट काही बांधू नका आणि हाताने ओढू नका. लोंबणारा भाग कासेला घासू लागला तर स्वच्छ कात्रीने थोडा आखूड करा, बाकी भाग स्वच्छ ठेवा आणि गाईचा ताप पाहा. गाय चारा सोडते किंवा ताप चढतो, तेव्हा वाट पाहू नका.

शेळ्या-कोंबड्यांचे थोडक्यात सांगतो. करडे जन्मल्यावर ताठ चालतात, उभी राहायला कचरतात, तेव्हा स्नायूंना या दोन द्रव्यांची उणीव झालेली असू शकते. कोंबडीच्या पिलांना खवट खाद्य घातले तर ती मान वाकडी करून गोल फिरतात, उताणी पडतात. लोक त्याला मानमोडी समजून मोकळे होतात. रोग असेलही, पण खाद्याचे पोते एकदा हुंगून पाहा. अंगणात चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातला बलक गडद का असतो, हे आता मी वेगळे सांगत नाही.

दोन गुंठे

लसूणघासासाठी फार जमीन लागत नाही. आरएल-८८ हा राहुरीचा वाण नीट सांभाळला तर वर्षाला हेक्टरी शंभर टनांच्या आसपास हिरवा चारा देतो. त्या हिशेबाने एका गुंठ्यात वर्षाला एक टन. दोन गुंठ्यांत रोजचे पाच किलो निघतात, म्हणजे एका गाभण गाईला हवे तेवढे. गुंठ्याला पाव किलो बी पुरते. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी लागते, तेवढे न्हाणीचे आणि भांडी धुतलेले पाणी वळवून भागवलेली घरे मी पाहिली आहेत.

त्या वहिनींकडे गेल्या महिन्यात जाऊन आलो. त्यांची आताची गाय जुन्या दुभतीच्या कालवडीची कालवड आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यावर गाय भरवल्याची तारीख लिहिलेली. तिथून २२० दिवस मोजून दूध आटवायच्या तारखेला लाल खूण. त्या दिवसापासून गव्हाणीतला पहिला हिरवा भारा त्या गाईचा, हा त्यांनी घरात घातलेला नियम आहे. सासूबाईही तो मोडत नाहीत. यंदाची लाल खूण फाल्गुनात पडली आहे आणि गाय व्यायची वैशाखात. मी विचारायच्या आधीच त्यांनी मला मागच्या दाराला नेऊन दोन गुंठ्यांचा वाफा दाखवला. घास कार्तिकातच पेरून झाला होता आणि वीतभर वर आला होता.